आशेची साक्ष

१९९०च्या दशकात अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात वीस माणसांनी कवटीला भोकं पाडून घेतली आणि आत काहीही न घालता ती बुजवून घेतली. माणसं शुद्धीवर होती, फक्त तेवढी जागा बधिर केलेली. त्यांच्याच जोडीच्या आणखी वीस जणांच्या मेंदूत मात्र अशाच भोकांतून गर्भाच्या पेशी सोडल्या गेल्या. कोणाच्या वाट्याला काय आलं, हे वर्षभर ना रुग्णाला ठाऊक होतं, ना त्याला तपासणाऱ्या डॉक्टरांना.

हे मी मामांना सांगितलं तेव्हा त्यांना पार्किन्सन्स, म्हणजे कंपवात, होऊन बरीच वर्षं झाली होती. या आजारात चेहऱ्याचे स्नायू आखडतात, त्यामुळे त्यांना एखादी गोष्ट पटली की नाही हे हल्ली चेहऱ्यावरून कळत नाही, बोलायचीच वाट बघावी लागते. बऱ्याच वेळाने म्हणाले, "म्हणजे फसवलंच की गं त्यास्नी."

फसवलं नव्हतं. चाळीसही जणांनी सगळं वाचून, समजून सह्या केल्या होत्या; निम्म्यांची शस्त्रक्रिया खोटी असणार हे आधीच सांगितलेलं होतं. मामा म्हणाले, सही तर सोसायटीच्या कर्जावरपण करतो माणूस. यावर माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. पण त्या वीस जणांनी माझा पिच्छा सोडला नाही. या आजारावर पेशी रोवायचे आणि उरलेल्या पेशी जगवायचे जे काही प्रयत्न गेल्या चार दशकांत झाले, ते वाचत गेले तसतसं माझं मत पक्कं होत गेलं, की या साऱ्या कहाणीत सगळ्यात प्रामाणिक गोष्ट कुठली असेल तर ती कवटीची ही रिकामी भोकं.

आधी आजाराबद्दल थोडं. मेंदूच्या मध्यभागी, तळाशी, सबस्टँशिया नायग्रा नावाची काळपट पट्टी असते. तिथल्या पेशींत वयाबरोबर न्यूरोमेलॅनिन हे रंगद्रव्य साठत जातं म्हणून ती काळी दिसते. १९१९ साली पॅरिसमध्ये त्रेत्याकोफ या तरुण डॉक्टरने आपल्या प्रबंधात दाखवलं, की पार्किन्सन्सने गेलेल्यांच्या मेंदूत ही पट्टी फिकी पडलेली असते. तिथल्या पेशी डोपामिन हे निरोप पोचवणारं रसायन बनवतात आणि लांबवर पसरलेल्या फांद्यांमधून ते हालचाली सांभाळणाऱ्या स्ट्रायटम या भागात पोचवतात. माणसाच्या अशा एकेका पेशीच्या फांद्या एकापुढे एक ठेवल्या तर कित्येक मीटर भरतील आणि तिच्या जोडण्या दहा लाखांवर जातील, असा अंदाज आहे. एवढा पसारा एकटीने सांभाळायचा म्हणूनच या पेशी लवकर थकत असाव्यात, असं काही अभ्यासक मानतात. हात थरथरायला लागतो किंवा चाल मंदावते तोवर स्ट्रायटममधलं बरंचसं डोपामिन संपलेलं असतं.

उपाय म्हणून आहे लेव्होडोपा. हे द्रव्य खाजकुयलीच्या बियांमध्ये असतं. १९३७ साली दामोदरन आणि रामस्वामी या भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी ते त्या बियांतून वेगळं काढलं, आणि कंपवातावर कुयली देण्याची वैद्यांची पद्धत तर त्याहून कितीतरी जुनी. १९६७मध्ये न्यूयॉर्कजवळ कोट्झियास यांनी ते मोठ्या मात्रेत देऊन खुर्चीला खिळलेली माणसं उठवली. आज मामा घेतात ती सिंडोपाची गोळी त्याच वंशातली. गोळी लागू आहे तोवर मामा बागेत जातात, छाटणीवाल्या गड्यांना चार शब्द सुनावतात. अंमल उतरला की सोप्यातून स्वयंपाकघरात जाताना उंबऱ्याशी पाय जमिनीला चिकटतात. मनात पाऊल टाकायचं असतं, पण पाय उचलत नाही. फिजिओथेरपीवाल्या मुलीने सांगितल्यावर मामीने उंबऱ्याच्या अलीकडे-पलीकडे पिवळ्या टेपच्या आडव्या पट्ट्या चिकटवल्या. सपाट फरशीवर अडणारा पाय पट्टी ओलांडायला मात्र उठतो. मी हे समोर बसून पाहिलंय: मामा थांबले, खाली बघितलं, पट्टीवरून पाय टाकला आणि चहाची कपबशी न सांडता आत गेले. जी वाट आपोआप चालायची ती बंद पडली, की मेंदू डोळ्यांच्या आधाराने दुसरी वाट काढतो.

गोळी डोपामिनची तूट भरते, पण पेशींचं मरण काही थांबवत नाही. म्हणून संशोधकांनी दोन दिशा धरल्या. नव्या पेशी नेऊन बसवायच्या, किंवा आहेत त्या वाचवायच्या.

नव्या पेशींची सुरुवात गाजली ती भलत्याच कारणाने. मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथीतही थोडं डोपामिन तयार होतं, म्हणून १९८२ साली स्टॉकहोममध्ये रुग्णाच्याच ॲड्रिनलचा तुकडा त्याच्या मेंदूत बसवून पाहिला गेला. हाताला फारसं काही लागलं नाही. १९८७मध्ये मेक्सिकोतल्या मद्रासो यांनी मात्र दोन रुग्णांत थक्क करणारी सुधारणा झाल्याचं जाहीर केलं, आणि पाहता पाहता जगभर शेकडो लोकांवर ही शस्त्रक्रिया झाली. काही वर्षांत ती बंदही पडली, कारण फायदा टिकत नव्हता, त्रास मात्र खरा होता. खोट्या शस्त्रक्रियेची जोड देऊन ती कधी तपासलीच गेली नव्हती.

स्वीडनमधल्या लुंडची मंडळी जास्त चिवट निघाली. तिथल्या ब्यॉर्कलुंड यांनी उंदरांवर वर्षानुवर्षं काम केलं होतं. लिंडवाल यांच्या चमूने १९८७ साली गर्भाच्या मध्यमेंदूतल्या पेशी दोन रुग्णांत पहिल्यांदा बसवल्या. फारसा फायदा झाला नाही. त्यांनी सुई बारीक केली, पद्धत बदलली, आणि पुढच्या रुग्णांपैकी काहींना तो स्पष्ट दिसला. या पेशी मिळायच्या गर्भपात झालेल्या गर्भांतून, आणि रोवलेल्यांपैकी बहुतेक पहिल्या काही दिवसांतच मरायच्या. म्हणून एका रुग्णासाठी एकाच वेळी कित्येक गर्भ लागत. त्यावरून अमेरिकेत इतकं रान पेटलं की १९८८पासून अशा संशोधनाला सरकारी पैसा बंद झाला. तो जानेवारी १९९३मध्ये क्लिंटन यांनी पुन्हा सुरू केला.

लुंडच्या टेबलावर दोन वेगळे रुग्णही आले. १९८२ साली उत्तर कॅलिफोर्नियात काही तरुण रातोरात पुतळ्यासारखे थिजले होते. नशेसाठी त्यांनी टोचून घेतलेल्या बनावट हेरॉइनमध्ये एमपीटीपी नावाचं द्रव्य चुकून तयार झालं होतं आणि त्याने नेमक्या डोपामिनच्याच पेशी मारल्या होत्या. लँगस्टन या न्यूरॉलॉजिस्टने हे कोडं सोडवलं. त्यांतल्या दोघांवर लुंडमध्ये पेशी-रोपण झालं, आणि १९९२मध्ये दोघांतही चांगली सुधारणा झाल्याचं प्रसिद्ध झालं. पेशी गेल्या होत्या, तशाच पेशी परत दिल्या, माणूस हलू लागला. डोक्यावर हात ठेवून चमत्कार म्हणावा असंच ते होतं.

आणि मग डेन्व्हर. निकाल २००१ साली आला. वर्षाच्या शेवटी रुग्णांनी स्वतःच्या प्रकृतीला दिलेल्या गुणांत पेशी मिळालेल्या आणि न मिळालेल्या गटांत फरक नव्हता. साठीच्या आतल्यांमध्ये डॉक्टरी तपासणीत थोडा फायदा दिसला, पण पुढे रोपण झालेल्यांपैकी १५ टक्के रुग्णांचं शरीर औषध कमी केलं तरी आवरेना, हातपाय आपोआप वळवळू लागले. दोन वर्षांनी ३४ रुग्णांच्या दुसऱ्या चाचणीतही तेच, किंबहुना वळवळ अधिकच.

माझं लक्ष अडकलं ते मात्र या चाचणीच्या शेपटात. रुग्णांपैकी काहींना वर्षभर विचारलं जात होतं, तुम्हाला काय वाटतं, पेशी मिळाल्या की नाही? ज्यांना मिळाल्या असं वाटत होतं त्यांचं जगणं अधिक सुखाचं झालं होतं. प्रत्यक्षात काय मिळालं यापेक्षा काय मिळालं असं वाटतं, याचाच परिणाम मोठा ठरला.

एखाद्याला वाटेल, मनाचे खेळ. पण त्याच साली व्हँकुव्हरच्या संशोधकांनी पार्किन्सन्सच्या रुग्णांना औषध म्हणून नुसतं मिठाचं पाणी टोचलं आणि मेंदूतली रसायनं दाखवणाऱ्या पेट स्कॅनवर पाहिलं, तर त्यांच्या स्ट्रायटममध्ये खरोखरीचं डोपामिन सुटलं होतं. आता बरं वाटेल, ही अपेक्षा मेंदूत डोपामिनच्याच रूपाने वावरते. दुसऱ्या कुठल्याही आजारात आशेने धीर येतो; या आजारात आशा म्हणजे थेट औषधच, आपल्याच मेंदूने काढलेलं. तेव्हा रुग्ण म्हणतो मला फरक पडला, तेव्हा तो खोटं बोलत नाही. त्याला खरंच फरक पडलेला असतो. फक्त तो पेशींनी पडला की आशेने, हे त्याला सांगता येत नाही, नातेवाइकांना येत नाही, त्याच्या डॉक्टरलाही येत नाही. कवटीला भोक पाडून घेण्याएवढी मोठी आशा ज्याने धरली आहे त्याच्याशी तुलना करायला तेवढीच मोठी आशा धरलेला दुसरा माणूस लागतो, आणि त्याचीही कवटी उघडावी लागते. हे क्रूर आहेच. पण न केलं तर किती क्रूर होतं याचं उदाहरण आहे. डोळ्यातल्या दृष्टिपटलाच्या पेशी जिलेटिनच्या कणांवर बसवून मेंदूत सोडायचा एक उपचार होता. पहिल्या सहा रुग्णांत वर्षभरात जवळजवळ निम्म्याने सुधारणा. मग ७१ रुग्णांची चाचणी झाली, त्यात खोट्या शस्त्रक्रियेचा गट होता, आणि २०११मध्ये निकाल लागला: दोन्ही गट सारखेच सुधारले. ही चाचणी झाली नसती तर आज किती घरांनी दागिने मोडून ती शस्त्रक्रिया करून घेतली असती, कोण जाणे.

दुसरी दिशा वाढघटकांची. पेशी नुसत्या अन्न-प्राणवायूवर जगत नाहीत. 'जग' असं सांगणारी काही प्रथिनंही लागतात, हे रिता लेव्ही-मॉन्तालचिनी यांनी पहिल्या अशा घटकाच्या शोधातून दाखवलं. मुसोलिनीच्या काळात ज्यू म्हणून विद्यापीठाबाहेर काढल्यावर तुरीनच्या घरातल्या खोलीत कोंबडीच्या अंड्यांतल्या गर्भांवर त्यांनी काम चालू ठेवलं होतं. पुढे १९८६ साली त्यांना नोबेल मिळालं. डोपामिनच्या पेशींना जगवणारं असंच प्रथिन १९९३मध्ये कोलोरॅडोतल्या सिनर्जेन या कंपनीत सापडलं, जीडीएनएफ. काचेच्या बशीतल्या पेशी त्याने तगत, उंदरा-माकडांच्या पेशींना नवे कोंब फुटत.

माणसात मात्र गाडी पहिल्याच वळणावर अडली. प्रथिनाचा रेणू एवढा मोठा की रक्तातून मेंदूत शिरत नाही. मेंदूच्या पोकळीतल्या पाण्यात सोडून पाहिलं, तर तिथून पेशींपर्यंत पोचलंच नाही. वर मळमळ आणि वजन घटणं. मग ब्रिस्टलचे शल्यविशारद स्टीव्हन गिल यांनी बारीक नळी थेट पुटामेनमध्ये, म्हणजे स्ट्रायटमच्या बाहेरच्या भागात, नेऊन बसवली. २००३ साली पाच रुग्णांचा अहवाल आला. सगळे सुधारले होते. त्यांच्यातला एक पुढे दुसऱ्या कारणाने वारला, तेव्हा त्याच्या मेंदूत नळी होती त्या बाजूला डोपामिनचे नवे धागे फुटलेले दिसले. यापेक्षा आणखी काय पुरावा हवा?

३४ रुग्णांची, खोट्या औषधाच्या गटासह, चाचणी झाली. सहा महिन्यांनी फरक दिसला नाही. काही रुग्णांच्या रक्तात त्या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडं तयार झाली होती आणि मोठ्या मात्रा दिलेल्या काही माकडांच्या छोट्या मेंदूला इजा दिसली होती. तोवर सिनर्जेन विकत घेतलेल्या ॲम्जेन कंपनीने २००४ साली सगळं थांबवलं. रुग्ण कोर्टात गेले. आम्हाला गुण येतोय, आमचं औषध काढून घेऊ नका, एवढीच मागणी. ते हरले. त्या बातम्या वाचताना मी आधी मनातल्या मनात रुग्णांच्या बाजूने होते. आता तितकी खात्री देता येत नाही. कंपनीने नफ्याचा हिशेब केलाच असणार, पण माकडांच्या मेंदूतली इजा काही तिने मनाने रचली नव्हती.

मामांना हा भाग सांगताना मजा आली. नळी एकच होती, औषध तिच्या तोंडाशीच जिरत होतं, पुटामेनच्या बाकी भागात पसरत नव्हतं, असा एक आक्षेप होता, असं मी सांगत होते. तासगावच्या द्राक्षबागायतदाराला हे समजावून सांगावं लागत नाही. "ड्रिपरमधलं अंतर चुकलं," मामा ताबडतोब म्हणाले. "मधली मुळं कोरडी ऱ्हातात. पाणी कितीबी सोड." ब्रिस्टलच्या पुढच्या चाचणीत नेमकं तेच सुधारलं होतं. चार नळ्या, कानामागे हाडात बसवलेलं एक छोटं बटणासारखं तोंड, आणि दर चार आठवड्यांनी त्यातून दिलेला डोस. निकाल २०१९ साली आला. स्कॅनवर पुटामेनभर सुधारणा दिसत होती, कोणीच असं चित्र पूर्वी पाहिलं नव्हतं. पण ४० आठवड्यांनंतर औषध मिळालेल्यांची हालचाल १७ टक्क्यांनी सुधारली होती आणि नुसतं पाणी मिळालेल्यांची जवळजवळ १२ टक्क्यांनी. एवढा फरक योगायोगानेही पडू शकतो, असं चाचणीचं गणित सांगत होतं.

"मग चूक कुठं हाय?" मामांनी विचारलं.

माझ्या मते, वेळेत. २०१३ साली कोर्डोवर आणि सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या टप्प्यांवर वारलेल्या रुग्णांचे मेंदू तपासले. निदान झाल्यापासून चार वर्षांत पुटामेनच्या वरच्या भागातले डोपामिनचे धागे जवळजवळ संपलेले होते. वाढघटक द्यायचा तो धाग्यांच्या टोकाला, तिथून तो पेशीपर्यंत जायचा. टोकंच उरली नसतील तर नळ्या चार असोत की चाळीस. आणि चाचणीत घेतले जातात ते बहुधा जुने रुग्ण, कारण निदान होऊन वर्षही न झालेल्या, गोळीवर झकास चालणाऱ्या माणसाच्या मेंदूत नळ्या खुपसायला कोण धजावणार? ही कोंडी मला अजून सुटलेली दिसत नाही. आता जीडीएनएफचं जनुकच निरुपद्रवी विषाणूत घालून द्यायच्या चाचण्या चालू आहेत, तिकडे माझे डोळे आहेत.

नव्या पेशींनाही वेळेचा जाच चुकत नाही. २००८मध्ये लक्षात आलं की ११ ते १६ वर्षांपूर्वी बसवलेल्या, गर्भातून आलेल्या कोवळ्या पेशींतसुद्धा पार्किन्सन्सची खूण असलेले लेवी गोळे, म्हणजे प्रथिनांच्या गुठळ्या, तयार होतायत. आजार शेजारून पसरला असावा. आणि लुंडच्या एका रुग्णाच्या मेंदूत तर बसवल्यापासून २४ वर्षांनीही पेशी जिवंत होत्या, त्यांचे धागे पुटामेनभर पसरलेले होते, तरी शेवटच्या वर्षांत त्याला त्यांचा काही उपयोग राहिला नव्हता. आजार मेंदूच्या दुसऱ्या भागांत शिरला होता. तरीही मधली कित्येक वर्षं त्या माणसाला मिळाली होती, हे मी विसरत नाही.

एप्रिल २०२५मध्ये दोन शोधनिबंध एकदमच आले. क्योतोच्या ताकाहाशी यांच्या चमूने प्रौढ माणसाच्या पेशींना मूलपेशी, म्हणजे कुठल्याही प्रकारची पेशी होऊ शकणाऱ्या स्टेम सेल, बनवून, त्यांतून डोपामिनच्या पेशी वाढवून सात रुग्णांत बसवल्या होत्या. ज्या सहांची परिणामासाठी तपासणी झाली त्यांतल्या चौघांची गोळी उतरलेल्या वेळची हालचाल सुधारली. अमेरिका-कॅनडात भ्रूणाच्या मूलपेशींपासून बनवलेल्या पेशी १२ रुग्णांना दिल्या, त्याही तगल्या, गाठी झाल्या नाहीत, ती जुनी वळवळही दिसली नाही. गर्भपातावर अवलंबून राहायचं संपलं, दर खेपेला एकसारख्या पेशी मिळू लागल्या, ही मोठीच मजल आहे. पण दोन्हींत खोट्या शस्त्रक्रियेचा गट नव्हता. अमेरिकेतल्या पुढच्या, सुमारे शंभर रुग्णांच्या चाचणीत तो आहे. जपानच्या कायद्यात अशा उपचारांना थोड्या पुराव्यावर सशर्त मंजुरी मिळू शकते आणि तसा अर्जही झाला. मला ही घाई पटत नाही. सहा रुग्ण आणि भरपूर आशा, हे चित्र आपण आधी पाहिलेलं आहे.

या सगळ्याची मामांना गरज पडली ती एका व्हॉट्सॲप व्हिडिओमुळे. शेजारच्या बागायतदाराच्या मुलाने पाठवलेला. एका शहरातलं स्टेम सेलचं क्लिनिक, पोटाच्या चरबीतून पेशी काढून शिरेतून परत सोडायच्या, राहण्या-जेवण्यासकट पॅकेज. व्हिडिओत एक आजोबा व्हीलचेअरवरून उठून चालताना दाखवले होते. आपल्याकडे आयसीएमआर या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांखेरीज स्टेम सेल हा उपचार म्हणून देता येत नाही, फक्त मंजूर चाचणीत देता येतो, आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. चरबीच्या पेशी मेंदूत जाऊन डोपामिन बनवत नाहीत, हे ती मंडळीही आता मान्य करतात. त्यांचं नवं म्हणणं असं, की या पेशी वाढघटक सोडतात. म्हणजे जे प्रथिन चार नळ्यांनी थेट पुटामेनमध्ये ओतूनही चाचणीत उतरलं नाही, ते दंडाच्या शिरेतून आपोआप पोचणार.

मी सांगायचं ते सांगितलं. मामी म्हणाली, एकदा विचारून तरी बघायला काय हरकत आहे, आणि तिचं म्हणणं मला चुकीचं वाटलं नाही. रात्री कुशीवर वळवायला उठावं लागतं ते तिला, मला नाही. मामांनी गोळी लागू असताना फोन स्पीकरवर ठेवला. पलीकडच्या मुलीने अतिशय गोड आवाजात पॅकेजं सांगितली. मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि आवाज या आजाराने बारीक झालेला असल्यामुळे दोनदा विचारलं, "बाई, तुमच्याकडं खोटी ऑपरेशनं किती झाली?"

पलीकडे जरा शांतता. मग ती म्हणाली, "काका, आमच्याकडे सगळी खरीच होतात."

"मग ऱ्हाऊ द्या," म्हणून मामांनी फोन ठेवला, आणि मामी दिवसभर आमच्या दोघांशी बोलली नाही.